दगडफुलाला बुरशी लागलीये की ते तसंच असतं? टाकू का ठेवू?

तिखटमीठ

मंडळी एक घरगुती प्रश्न आहे, हसायचं नाही. एप्रिलच्या शेवटी लालबागला जाऊन मसाल्याचं सगळं सामान आणलं, मिरच्या गच्चीवर उन्हात घालून कावळ्यांची राखण केली, मग कांडपावर नंबर लावून दीड तास शिंकत उभी राहिले, आणि एकदाचा मसाला बरणीत गेला. दगडफूल मात्र जास्त झालं. दुकानदार म्हणाला ताई पाव किलो घ्या हलकं असतं, मी घेतलं, घरी येऊन बघते तर पाव किलो दगडफूल म्हणजे उशीचा अभ्रा भरेल एवढं. मसाल्याला लागलं दोन मुठी. बाकीचं स्टीलच्या डब्यात घालून वरच्या फळीवर टाकलं ते विसरले.

परवा काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासाठी ताजं वाटण करायचं म्हणून डबा काढला आणि पहिल्यांदाच नीट बघितलं, इतकी वर्षं वापरतेय पण कधी बघितलंच नव्हतं. पाकळ्यांच्या कडांना पिठासारखं पांढरट काहीतरी. खालची बाजू काळीकुट्ट. काही तुकड्यांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके. एका तुकड्यावर तर चक्क गुलाबी दाणे, खसखशीएवढे, पोवळ्याच्या रंगाचे. शिवाय डब्याच्या तळाशी चारेक तुकडे एकमेकांना चिकटलेत आणि त्यांच्यावर हिरवट लव आलीये.

सासूबाई म्हणतात दगडफूल कधी खराब होत नाही, त्यांच्या माहेरी देवरुखला पाच पाच वर्षं टिकायचं. नवरा म्हणतो फंगस आहे, टाक. उरलेल्याचं एवढं काही नाही हो, पण वर्षाचा मसाला याच पिशवीतल्या दगडफुलाचा झालाय, तो पण टाकायचा का?

बोरिवली_स्लो

टाका. मुंबईत जुलैमध्ये चपला, बेल्ट, लग्नाचा अल्बम सगळ्याला बुरशी येते, दगडफूल कोण लागून गेलं.

भिंगवाला

थांबा, सगळं टाकू नका. तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे, फंगस आहे. पण मग अख्खा डबाच फंगस आहे! दगडफूल म्हणजे फूल नाही, झाड नाही, शेवाळही नाही, ती एक बुरशी आहे जिने पोटात शेवाळ पाळलंय. मराठीत शैवाक असा शब्द आहे पण तो परीक्षेपुरताच, आपण दगडफूलच म्हणू. (आणि दगडावरच येतं असंही नाही, बाजारातला बराचसा माल हिमालयाच्या बाजूचा, उत्तराखंड वगैरे, तिकडे ओकच्या झाडांच्या सालीवरून खरवडून काढतात.)

आता एकेक बघू. पाकळी आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर वर बुरशीच्या धाग्यांची घट्ट विणलेली साल दिसते, तिच्या लगेच खाली हिरव्या गोल पेशींचा पातळसा थर, ते शैवल म्हणजे पाळलेलं शेवाळ, मग कापूस पिंजून भरल्यासारखा सैल पांढरा गाभा, तोही बुरशीचाच, आणि सगळ्यात खाली परत साल. ही खालची साल काळीच असते. म्हणजे तुम्हाला काळीकुट्ट बाजू दिसली तो त्याचा तळवा, त्यावर बारीक काळे केस दिसतील ते झाडाला धरून राहायला. रोग वगैरे काही नाही.

कडांचं पीठ हीसुद्धा बुरशी लागल्याची खूण नाही. त्याला सोरेडिया म्हणतात. त्या पिठाच्या एकेका कणात शैवलाच्या थोड्या पेशी असतात आणि त्यांच्याभोवती बुरशीचे धागे गुंडाळलेले असतात, वाऱ्याने किंवा पावसाच्या थेंबाने उडून दुसऱ्या फांदीवर पडला की तिथे नवीन दगडफूल सुरू. अक्षरशः बिऱ्हाड पाठीवर. आपल्याकडे मसाल्यात जे सगळ्यात जास्त विकलं जातं ते पार्मोट्रेमा पर्लाटम, त्याच्या कडांना हे पीठ असतंच, ओळखायची खूणच आहे ती.

काळे ठिपके आणि गुलाबी दाणे, इथे खरी मजा आहे. ठिपके दगडफुलाचे स्वतःचेही असू शकतात, पार्मोट्रेमाच्या जातींमध्ये बीजाणू तयार करणाऱ्या छोट्या कुप्या असतात. पण असेही ठिपके असतात जे दुसऱ्याच बुरशीचे आहेत. म्हणजे दगडफूल ही बुरशी, आणि तिच्या अंगावर राहणारी वेगळी बुरशी, जी दगडफुलाशिवाय दुसरीकडे कुठेच राहत नाही. अशा बुरश्यांची जगभरची एक यादी २०१८ मध्ये निघाली तिच्यात फक्त दगडफुलांवरच जगणाऱ्या २००० जाती मोजल्यात. काही नुसत्या राहतात, मालकाला काही फरक पडत नाही. काही त्याला गाठी आणतात, ट्रेमेला म्हणून एक वंश आहे तो यासाठी प्रसिद्ध, मशरूमवाल्या बाजूची नातेवाईक. काही हळूहळू खाऊन टाकतात. आणि गुलाबी, पोवळ्याच्या रंगाचे दाणे म्हटलं की मला पहिली आठवते मार्चंडिओमायसेस कोरालिनस, नावातच पोवळं आहे तिच्या. पण फोटो न बघता मी नाव लावणार नाही, गुलाबी रंग करणाऱ्या अजून दोनतीन आहेत.

म्हणजे हे सगळं झाडावर असतानाच होतं. तुमच्या डब्याचा त्यात दोष नाही.

डब्यातली ती हिरवी लव मात्र वेगळी. ती घरची. ओलावा लागला, तुकडे चिकटले, आणि आपली पावसाळी बुरशी आली, भाकरीवर येते त्याच जातकुळीतली. ते चार तुकडे आणि त्यांना लागून असलेले सगळे टाका, भाजलं की जाईल असं म्हणू नका, अशा काही बुरश्या जी विषं तयार करतात ती भाजून पूर्ण जात नाहीत. बाकीचं वर्तमानपत्रावर पसरून एकेक तुकडा बघा. कुबट वास येतो का बघा. मसाला एप्रिलात कडकडीत कोरडा असताना झालाय, त्याला वास, गुठळ्या, लव नसेल तर तो का टाकायचा?

तिखटमीठ

ईईई. म्हणजे मी वीस वर्षं घरच्यांना बुरशी खायला घालतेय.

बोरिवली_स्लो

वहिनी इडलीच्या पिठात पण यीस्ट असतं, पाव तर विचारूच नका. शब्द मागे घेतो माझा, टाकू नका.

तिखटमीठ

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या बुरशीला वास मातीचा येतो आणि दगडफुलाला पण मातीचाच येतो, मला आधीच वाटलं होतं. आता यावर काय बोलणार.

गिरणगाव_बहात्तर

मस्त धागा. भिंगवाले, मी शास्त्राचा माणूस नाही, गिरणीत होतो, पण तुमचं वाचून मला आमची चाळ आठवली. मालक एक, भाडेकरू वीस, त्यातल्या निम्म्यांनी पोटभाडेकरू ठेवलेले, आणि एका खोलीत कोकणातले बारा जण पाळीपाळीने झोपायचे. मालकाला विचारलं किती माणसं राहतात तर त्याला सांगता यायचं नाही. तर माझा प्रश्न असा की या तुमच्या चाळीत मालक कोण आणि भाडं कोण देतं? शेवाळ भाडेकरू का?

भिंगवाला

काका उपमा झकास आहे पण शेवाळाला भाडेकरू म्हणता येणार नाही. ते म्हणजे खाणावळवाली. गिरणगावात कसं, घरोघरी बायका खाणावळ चालवायच्या आणि गाळ्यात राहणारे सगळे त्यांच्याकडे जेवायचे, तसं आहे हे. उन्हातून अन्न तयार करणं फक्त शैवलाला जमतं, बुरशीला नाही. ते साखरेच्या जातीचं काहीतरी बाहेर सोडतं आणि बुरशी ते घेते. बदल्यात बुरशी छप्पर देते, पाणी धरून ठेवते, कडक उन्हात साल गडद करून सावली करते. आता खाणावळवाली खुशीने वाढते की तिला डांबून ठेवलंय यावर लोकांनी दीडशे वर्षं वाद घातलाय.

श्वेंडेनर म्हणून एक स्विस शास्त्रज्ञ होता, त्याने १८६७ मध्ये सांगितलं की दगडफूल हा एक जीव नाही, बुरशी आणि शैवल असे दोन आहेत, आणि त्याने तर सरळ मालक आणि गुलाम असंच रूपक वापरलं. त्यावेळचे दगडफुलांचे जाणकार भयंकर चिडले. त्यात सगळ्यात मोठा नायलँडर, तो शेवटपर्यंत मान्य करेना. गंमत म्हणजे याच नायलँडरने १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली दगडफुलं बघून म्हटलं होतं की शहराच्या हवेवरून ती कमीजास्त होतात, म्हणजे हवा मोजायचं साधन आहे हे. इतकी बारीक नजर असलेला माणूस, आणि समोरच्या पाकळीत दोन जीव आहेत हे पटेना.

आणि मालक कोण म्हणाल तर कागदोपत्री बुरशी. सातबारा तिच्या नावावर. दगडफुलाला जे शास्त्रीय नाव देतात ते नियमाप्रमाणे फक्त त्यातल्या मुख्य बुरशीचं असतं, शैवलाचं नाव वेगळं, पोटभाडेकरूंची वेगळी. पार्मोट्रेमा म्हटलं की ती बुरशी, आतलं शैवल ट्रेबॉक्सिया.

आंबोळी_चटणी

मुंबईत का नाही दिसत मग दगडफूल? की तोडून मसाल्यात घातलं सगळं 😄

भिंगवाला

दिसतं की. फक्त मसाल्यातलं, पाकळ्यांचं, ते नाही. त्याला स्वच्छ आणि गार, दमट हवा लागते. पण राणीच्या बागेत जा, किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, आणि झाडांची खोडं बघा. पांढरे, राखाडी, फिक्कट हिरवे डाग दिसतात, चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे. लोकांना वाटतं झाडाला कोड आलंय. ती पण दगडफुलंच, सालीला इतकी घट्ट चिकटलेली की नखाने निघत नाहीत. गावाकडे सुपारीच्या नाहीतर माडाच्या खोडावर बघितलं तर काही डागांवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा असतात, कोणीतरी मोडीत काहीतरी लिहून ठेवल्यासारख्या. ग्राफिस म्हणतात त्याला, नाव लिहिण्यावरूनच पडलंय. त्याच्या पोटात वेगळं शैवल असतं, ट्रेंटेपोहलिया, तेच जे पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर गेरू फासल्यासारखं नारिंगी दिसतं. सोसायटीवाले त्याला गंज समजून दोनदा रंग काढतात.

पेट्रीडिश

मी इथे सहसा नुसती वाचते पण आज लिहितेच, कारण हा विषय माझ्या आयुष्याचं एक वर्ष खाऊन गेलाय.

एमएस्सीला (कॉलेजचं नाव नको, गाइड मॅडमचं तर नकोच) माझा प्रोजेक्ट होता की दगडफुलातली मुख्य बुरशी वेगळी काढून प्लेटवर वाढवायची. ऐकायला सोपं. आंबोलीहून वादळात पडलेल्या फांद्यांवरची दगडफुलं आणली, कागदात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून. लॅबमध्ये नळाखाली धुतली, मग छोटे छोटे चौकोन कापले, भाताच्या शितापेक्षा लहान, ते काही सेकंद अल्कोहोलमध्ये, मग ब्लीचच्या पाण्यात, परत अल्कोहोल, मग उकळून निर्जंतुक केलेल्या पाण्यात तीनदा खळखळून. का तर बाहेरून चिकटलेलं सगळं मरावं आणि आतलं तेवढं जगावं. मग ते चौकोन माल्टच्या अगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, मांडले आणि वाट बघत बसले.

पुस्तकात लिहिलं होतं की दगडफुलाची बुरशी एकटी वाढवली तर फार हळू वाढते, कित्येक महिन्यांत जेमतेम चार मिलिमीटर. मी मनाची तयारी करून बसले होते. आणि पाचव्या दिवशी बघते तर प्लेटा भरलेल्या! एका चौकोनातून पांढरी शुभ्र, एकातून राखाडी, एक काळी डांबरासारखी, एकीने तर अगरच पिवळा करून टाकला. मला इतका आनंद झाला. मॅडमनी लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या कंटॅमिनेशन, बाहेरची बुरशी शिरलीये, परत कर.

परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा केलं तेव्हा शेवटचं धुतलेलं पाणी पण एका वेगळ्या प्लेटवर ओतून ठेवलं, का तर बाहेरून काही येत असेल तर त्या पाण्यात पण असेल ना. ती प्लेट शेवटपर्यंत कोरी राहिली. कोरी! म्हणजे जे उगवत होतं ते पाकळीच्या आतूनच येत होतं. एकाच दगडफुलाचे चार चौकोन, बोटभर अंतरावरचे, आणि चारातून चार वेगळ्या बुरश्या. वरून बघितलं तर त्या दगडफुलावर ठिपका नाही, डाग नाही, गाठ नाही, एकदम निरोगी. भिंगवाले सांगतायत त्या अंगावर राहणाऱ्या बुरश्या वेगळ्या, त्या निदान खूण सोडतात. या आतल्या कुठलीही खूण न सोडता राहतात, त्यांना एन्डोलायकेनिक म्हणतात. काकांच्या भाषेत रेशनकार्डावर नाव नसलेले.

पुढे त्यातल्या काहींचे डीएनए करून आणले तेव्हा बऱ्याच झायलेरियाच्या गोतावळ्यातल्या निघाल्या. झायलेरिया म्हणजे पावसात कुजलेल्या ओंडक्यावर काळ्या बोटांसारखी येते ना ती. लाकूड कुजवणारीचे नातेवाईक इथे दगडफुलात गुपचूप काय करत होते? नंतर वाचलं की अ‍ॅरिझोनाच्या एलिझाबेथ अर्नोल्ड आणि त्यांच्या सोबतच्यांनी २००९ मध्ये यावर मोठं काम छापलं होतं, त्यांचं म्हणणं असं की या आतल्या बुरश्या झाडांच्या पानांत खूण न दाखवता राहणाऱ्या बुरश्यांच्या जवळच्या आहेत, आणि दगडफुलात त्या जास्त करून शैवलाच्या आजूबाजूला असतात. म्हणजे मालकाला नाही, खाणावळवालीला धरून राहतात! हिरवं दिसलं की तिथे, मग ते पान असो नाहीतर शैवल.

मुख्य बुरशी? ती शेवटपर्यंत आली नाही. मालकाला हाक मारली आणि प्रत्येक वेळी दार पोटभाडेकरूंनी उघडलं. प्रोजेक्टचं नाव बदलून सबमिट केलं.

गिरणगाव_बहात्तर

पोरी तू लिहीत जा इथे. गुपचूप बसू नको.

तिखटमीठ

मॅडमनी कबूल केलं का मग?

पेट्रीडिश

नाही हो. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी ती कोरी प्लेट मागून घेतली, उजेडाकडे धरून बघितली आणि मान हलवली, तेवढंच. मला पुरलं.

शंकासुर

एक मिनिट. मध्ये कुठेतरी बातमी वाचली होती की दगडफुलात दोन नाही तीन जीव असतात, आणि शाळेत शिकवलं ते सगळं चूक. ते हेच का? की ते अजून वेगळं?

भिंगवाला

ते वेगळं, आणि बातमीवाल्यांनी जरा ताणलेलं. २०१६ मध्ये सायन्स या शोधपत्रिकेत टोबी स्प्रिबिल आणि मंडळींचा पेपर आला. अमेरिकेत माँटानाच्या जंगलात झाडांवरून केसांच्या जटांसारखी लोंबणारी दगडफुलं असतात, ब्रायोरिया. त्यातली एक तपकिरी, तिथले मूळ रहिवासी ती जमिनीत खड्डा करून शिजवून खात आलेत. दुसरी पिवळसर, तिच्यात व्हल्पिनिक आम्ल भरपूर, म्हणजे विषारी. भानगड ही की दोघींची मुख्य बुरशी एक, शैवलही एक, डीएनए लावून बघितलं तरी फरक सापडेना. तिखटमीठ ताई, तुमच्याच दृष्टीने बघा, तेच तांदूळ तीच डाळ आणि एक खिचडी खायची तर दुसरी विषारी, असं कसं?

मग त्यांनी पेशींमधली कुठली जीन्स चालू आहेत ते तपासलं. आधी मुख्य बुरशी आणि शैवल एवढ्यापुरतंच बघितलं, काही नाही. मग चाळणी मोठी केली, कुठल्याही बुरशीचं चालेल म्हणून, तेव्हा एक तिसरीच सापडली. यीस्ट. तीही मशरूमवाल्या बाजूची, बॅसिडिओमायसीट, जेव्हा मुख्य बुरशी अगदी वेगळ्या शाखेतली आहे, अ‍ॅस्कोमायसीट. पिवळ्या दगडफुलात हे यीस्ट जास्त होतं. मग चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर ते बसलेलं होतं बाहेरच्या सालीत. दीडशे वर्षं लोक जी साल कापून कापून बघत होते, त्याच सालीत, पण कोणी वेगळं ओळखलं नव्हतं. नंतर त्यांनी इतर दगडफुलांत शोधलं तर सहा खंडांतल्या ५२ वंशांत सापडलं.

झालं, सगळीकडे बोभाटा की पुस्तकं बदला. पण २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने ५७ कुळांतल्या ३३९ जातींच्या दगडफुलांचे डीएनए चाळले आणि हे यीस्ट फारच थोड्यांत मिळालं. म्हणजे आहे, पण प्रत्येक घरात आहे असं नाही. आणि विष त्याच्यामुळेच तयार होतं हे पण सिद्ध झालेलं नाही, जिथे यीस्ट जास्त तिथे विष जास्त एवढंच दिसलं. मला विचाराल तर त्या पेपरचं मोठेपण तिसरा सापडला यात नाही, मोजणी दोनवर थांबवायची आपली सवय मोडली यात आहे.

२०२० मध्ये हॉक्सवर्थ आणि ग्रुबे या दोघांनी तर व्याख्याच नव्याने लिहिली, की दगडफूल म्हणजे एक मुख्य बुरशी, तिच्याबाहेरच्या जागेत शैवलं, आणि त्यासोबत ठरावीक संख्या नसलेले इतर सूक्ष्मजीव, असं मिळून आपल्यापुरतं चालणारं एक परिसंस्थेसारखं काहीतरी. "ठरावीक संख्या नसलेले" हे त्यातलं मला सगळ्यात आवडतं. जीवाणू तर आपण अजून मोजलेच नाहीत, ते एका पाकळीवर लाखोंनी असतात.

शंकासुर

पण मग हे सगळे "राहतात" म्हणायचं की अडकलेत? धूळ पण राहतेच की माझ्या पंख्यावर, तिला मी भाडेकरू म्हणत नाही. पेट्रीडिश ताईंच्या प्लेटवर वाढलं म्हणजे आत वाढतच होतं असं कुठे आहे, एखादा बीजाणू पाकळी वाढताना आत गाडला गेला असेल, आणि अगर मिळाल्यावर जागा झाला असेल.

पेट्रीडिश

बरोबर पकडलंत. हा त्या पद्धतीचा खरा दुबळेपणा आहे आणि मला व्हायवाला कोणी विचारला नाही म्हणून वाचले. प्लेट फक्त एवढं सांगते की आत जिवंत होतं आणि माल्ट आवडलं. जे हळू वाढतं किंवा ज्याला माल्ट आवडत नाही ते दिसतच नाही, म्हणून मालक दिसला नाही. डीएनए काढला तर उलटं होतं, मेलेलं, गाडलेलं, वरून पडलेलं सगळं येतं यादीत, आणि मुख्य बुरशीचा डीएनए इतका जास्त असतो की बाकीचे त्यात बुडतात. म्हणून दोन्ही करून बघतात. पण नुसती धूळ असती तर दगडफुलात आणि त्याच झाडाच्या सालीत सारखंच सापडलं पाहिजे ना. तसं होत नाही, आतल्या मंडळींचं साम्य जवळच्या मॉसशी जास्त निघतं आणि मेलेल्या सालीशी कमी. हिरवं, जिवंत असं काहीतरी त्यांना लागतं. काय देवाणघेवाण होते ते मात्र बहुतेकांच्या बाबतीत अजून कोणी पकडलेलं नाही.

आंबोळी_चटणी

हे सगळं मी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात खाल्लंय.

तिखटमीठ

अपडेट देते. काल दुपारी वर्तमानपत्र पसरून बसले, सासूबाई चष्मा लावून समोर. हिरवी लव आलेले चार आणि त्यांना चिकटलेले सात आठ तुकडे पिशवीत बांधून टाकले. डब्याच्या झाकणाला एका बाजूने पोचा आलाय, तिथूनच हवा जात होती, वरच्या फळीच्या मागे न्हाणीघराची भिंत, म्हणजे दोष आमचाच. बाकी माल कोरडा, वास चांगला. मसाल्याची बरणी पण उघडली, ठणठणीत.

मग भिंगवाल्यांचं वाचून एक पाकळी वाटीत पाणी घेऊन भिजवली. मुलाचं भिंग होतं, किल्ल्याबरोबर आलेलं, बाराशे वेळा हरवून सापडलेलं. कोरडी असताना राखाडी होती ती दोन मिनिटांत मऊ झाली आणि हिरवट झाली! वरची साल पारदर्शक होते का ओली झाल्यावर? खालून हिरवं दिसायला लागलं, ती तुमची खाणावळवाली. सासूबाई म्हणाल्या मेलेलं आहे की झोपलेलं. मला सांगता येईना.

गुलाबी दाणे भिजवले नाहीत, तो तुकडा तसाच ठेवलाय. भिंगातून दाणे गोल नाहीत, जरा चेपलेले, एकमेकांना खेटून बसलेत, आणि त्यांच्या भोवतीची पाकळी पांढरी पडलीये, रंग उडाल्यासारखी. कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवलाय, फोटो रात्री टाकते.

सांबारं केलं. कोणाला काही झालेलं नाही.

भिंगवाला

हो, ओली झाली की वरची साल पारदर्शक होते आणि खालचं हिरवं दिसतं, अगदी बरोबर बघितलंत. भोवती पांढरं पडलंय म्हणजे तो दाणेवाला नुसता राहत नव्हता, खात होता. फोटोची वाट बघतो, शक्य झालं तर बाजूला मोहरीचा दाणा ठेवून काढा म्हणजे आकार कळेल. आणि करंड्यात नका ठेवू, घाम धरेल. कागदाची पुडी करा, जुन्या पाकिटाची चालेल, वर तारीख आणि लालबाग लिहा.

तिखटमीठ

लग्नपत्रिकेच्या पाकिटात ठेवलाय. लालबाग लिहू की उत्तराखंड?

भिंगवाला

दोन्ही. उत्तराखंडपुढे प्रश्नचिन्ह.